वेदगंगेकाठी सव्वा कोटीची गाडी

प्रश्न : सर, नमस्कार. आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. घरी ऊस, थोडी तंबाखू. रस्त्याच्या कामात जमीन गेली, तिचा मोबदला यंदा हातात आला आणि घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलं. मला टाटा सफारीचं वरचं डिझेल ऑटोमॅटिक मॉडेल बरं वाटतं, सगळं धरून तीस लाखांच्या आसपास. धाकट्या भावाच्या मनात लँड रोव्हर डिफेंडर बसलीय, ती सव्वा कोटीच्या पुढं. तो म्हणतो, ‘जमीन काय परत येणार नाही, तिच्या पैशातनं दारात काहीतरी उभं दिसू दे.’ आईचे गुडघे दुखतात. अप्पांना महिन्याला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. बहीण पुण्यात असते. कुणीतरी असंही सांगितलं, की कोल्हापूरच्या आत्याच्या नावावर पासिंग केलं तर टॅक्स वाचतो. काय करावं?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : तुमच्या भावाचं वाक्य वाचून थोडा वेळ थांबलो. आमचीही दीड एकर जमीन अशीच गेली होती. पैसे आले त्या दिवशी वडील जेवले नाहीत. त्यामुळे भावाला ‘हौशी’ म्हणून गप्प बसवू नका. त्याला जे हवंय ते खरं आहे. फक्त ते गाडीतून मिळेल का, एवढंच आपण बघू.

मी सत्तावीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. कागलपासून कित्तूरपर्यंतचा महामार्ग आणि जांबोटी-कणकुंबीची वाट, इथल्या आपटलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शोरूममध्ये गाडी कशी दिसते यापेक्षा ताडपत्रीखाली ती किती दिवस पडून राहते, हे मला जास्त ठाऊक आहे. माझं उत्तर सफारी आहे. कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे भावापुढे हा अंक ठेवता येईल.

आधी सव्वा कोटी कशाचे ते बघा. ‘परदेशी’ म्हणून आपण ओळखतो त्या पुष्कळ गाड्या इथंच जोडल्या जातात. बीएमडब्ल्यूच्या एक्स ३ आणि एक्स ५ चेन्नईजवळ, मर्सिडीजच्या जीएलसी आणि जीएलई चाकणला, व्होल्वोची एक्ससी ६० बंगळूरुजवळ होसकोटेला. खुद्द रेंज रोव्हरची जोडणी २०२४ पासून पुण्यात सुरू झाली. डिफेंडर मात्र स्लोव्हाकियातल्या नित्रा इथल्या कारखान्यातून तयार होऊन जहाजानं येते. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या अशा तयार गाडीवर सरकार शंभर टक्क्यांहून जास्त आयात शुल्क घेत आलंय, सगळं धरून ११०. म्हणजे बंदरावर १०० रुपयांना उतरलेली वस्तू शुल्कानंतर २१० ची झाली. त्यावर ४० टक्के जीएसटी, झाले २९४. त्यावर कर्नाटकात वीस लाखांच्या वरच्या गाडीचा १८ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ३४७ च्या घरात. विक्रेत्याचा नफा यात धरलेलाच नाही. तुम्ही ३४७ मोजता तेव्हा गाडी १०० ची असते. तुमच्या जमिनीच्या मोबदल्यातला मोठा वाटा ज्या सरकारकडून आला, त्याच सरकारकडे करापोटी परत जाणार, ही गोष्ट मला फार लागते.

आता पुढचं, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विमा कंपनी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, देते. आयडीव्ही शोरूम किमतीवर ठरते, रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. पहिल्या वर्षाअखेरपर्यंत त्यातून १५ टक्के जातात, दोन वर्षं उलटली की ३० आणि चार वर्षं ओलांडली की ५०. एक कोटीची गाडी पन्नास लाखांवर आली, पंचवीस लाखांची साडेबारावर. टक्के दोन्हीकडे सारखेच, पण एका घरातून पन्नास लाख गेले आणि दुसऱ्या घरातून साडेबारा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात, आणि महागड्या गाडीत ही रेषा लवकर गाठली जाते. समोरचा एक दिवा, त्यामागचा रडार, रेडिएटर, दोन एअरबॅग एवढ्यातच आकडा बराच चढतो.

एक क्लेम सांगतो. जांबोटीच्या पुढं, रात्री नऊच्या सुमाराला, काजूच्या एका व्यापाऱ्याच्या तीन वर्षं जुन्या परदेशी एसयूव्हीला गवा आडवा आला. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. माणसं सुखरूप होती, गाडीनं आपलं काम चोख केलं होतं आणि ते मी अहवालात तसंच लिहिलं. बंपर, डावा दिवा, रेडिएटर, एक सेन्सर. आपल्याकडच्या गाडीचं एवढं काम बेळगावच्या उद्यमबागमधल्या एखाद्या चांगल्या बॉडीशॉपमध्ये दोन आठवड्यांत होतं. ही गाडी फ्लॅटबेडवर घालून दुसऱ्या राज्यात न्यावी लागली आणि एका दिव्यासाठी अडीच महिने उभी राहिली. विमा होता, पैसे मिळाले. पण काजूच्या ऐन हंगामात तो माणूस मेव्हण्याची बोलेरो मागून फिरत होता. फोनवर मला म्हणाला, ‘सर, क्लेमचं राहू दे, गाडी कधी मिळते तेवढं सांगा.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून भावाला घेऊन एक काम करा. ज्या कंपनीची गाडी घ्यायची तिच्या सगळ्यात जवळच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन या, शोरूममध्ये नव्हे. तिथं विचारा : आत्ता किती गाड्या सुट्या भागासाठी थांबल्यात आणि सगळ्यात जुनी कधीपासून थांबलीय? निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या आसपास. या पट्ट्यात सफारीचं काम होतं. दुसऱ्या गाडीसाठी पुणं किंवा गोवा गाठावं लागत असेल, तर अप्पांच्या तपासणीच्या तारखा कुणाच्या गाडीनं सांभाळायच्या ते आधी ठरवा.

डिफेंडर वाईट गाडी नाही, हे स्वच्छ लिहितो. चारही चाकांना ताकद, डोंगर चढायला वेगळा लो गिअर, मागच्या दारावर पूर्ण मापाची स्टेपनी, ९०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता. सफारीला फक्त पुढच्या चाकांची ओढ आहे. आषाढात काळ्या रानाच्या बांधावर घातलीत तर ती रुतणार, मग ट्रॅक्टर लावूनच काढावी लागेल. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेलच. रोज डोंगरातली वाट चढायची असती किंवा कणकुंबीच्या पावसात वस्ती असती, तर मी वेगळा विचार केला असता. तुमचं जाणं महामार्गानं, फार तर तवंदी घाट.

त्या ९०० मिलिमीटरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हा मी कामावर होतो. पाणी उतरल्यावर ज्या गाड्या बघितल्या, त्यातल्या कितीतरींचं इंजिन पाण्यानं नव्हे, तर बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारल्यानं गेलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही नदीकाठचे, ते घ्याच, गाडी कुठलीही असो. कंपनीनं सांगितलेली खोली संथ पाण्याची असते, वेदगंगेच्या धारेची नसते. ‘आपली गाडी जाते’ या भरवशावर तुमचा धाकटा भाऊ त्या पाण्यात गाडी घालेल, ही भीती मला खरंच वाटते.

सफारीची जमेची बाजूही ऐका. दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटच्या घराण्यातलं, १७० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर, भरल्या गाडीत घाट चढायला पुरेसं. सांगाडा लँड रोव्हरच्या डी ८ वरून बेतलेला. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, त्या घरोब्याचं हे फळ. भावाला हे जरूर सांगा, त्याला हवं ते नातं सफारीतही थोडं आहे. ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप या अपघात-चाचण्यांत दोन्हीकडे २०२३ मध्ये पाच तारे मिळालेत. आपल्या रस्त्यावर हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, म्हणून मी ताऱ्यांकडे फार बघतो. आपोआप ब्रेक लागणं वरच्या मॉडेलात आहे, पण अंधारातल्या ट्रॉलीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. रात्री सत्तरच्या आत चालवा.

त्रास सफारीसारख्या देशी गाडीतही होतो. माझी स्वतःची देशी एसयूव्ही आहे, कंपनी सांगत नाही. पहिल्याच वर्षी तिचा पडदा तीनदा काळा पडला आणि पावसाळ्यात सनरूफच्या नळीतून पाणी झिरपलं. प्रत्येक वेळी सकाळी दिली, संध्याकाळी घेऊन आलो. वाढीव वॉरंटी मी घेतली होती, तुम्हीही घ्या. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर, तेही पहिली पाच वर्षं चुकवू नका, नाहीतर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात.

आईंना घेऊन जा आणि मधल्या रांगेत बसवून, उतरवून बघा. दोनदा नव्हे, पाच-सहा वेळा, कारण गुडघा तिसऱ्या खेपेला बोलायला लागतो. मधल्या दोन सुट्या खुर्च्यांचं मॉडेल घेतलंत तर त्यांना सरकावं लागणार नाही. तुमच्या गल्लीचं मापही टेपनं घ्या. सफारी ४.६७ मीटर लांब आहे, डिफेंडर ११० मागच्या चाकासकट पाच मीटरच्या थोडी वर आणि रुंदही जास्त.

कोल्हापूरच्या पासिंगचं थोडक्यात. आयात गाडीवर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के आहे, तुमच्याकडच्या १८ पेक्षा जास्त. म्हणजे डिफेंडरवर वाचणार काहीच नाही. आणि गाडी ज्या राज्यात राहते त्याच राज्यात नोंदवायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं. आत्याच्या नावाची गाडी तुमच्या दारात कायमची उभी राहिली आणि उद्या मोठा क्लेम आला, तर मालक कोण आणि वापरणारा कोण हा प्रश्न माझ्यासारखाच कुणीतरी विचारणार. चिकोडीलाच पासिंग करा.

दोन गाड्यांमध्ये पंचाण्णव लाखांचं अंतर आहे. बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला सहा लाखांच्या वर येतात. माझ्या मनातलं विचाराल तर त्यातून आधी आईंचे गुडघे दाखवा आणि उरलेल्याची, भावाच्या नावासकट, कुठंतरी जमीन बघा. दारात नाही, पण शिवारात उभं दिसेल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. पंधरा लाखांत नवी देशी छोटी एसयूव्ही येते, तेवढ्यातच गोव्यातली आठ वर्षं जुनी जर्मन लक्झरी एसयूव्ही मिळतेय. फक्त पन्नास हजार किलोमीटर चाललीय. घेऊ का?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, घेऊ नका. तिची किंमत उतरलीय, सुट्या भागांची उतरलेली नाही. गाडी आज पंधरा लाखांची असली तरी बिलं तिच्या मूळ किमतीच्या हिशोबानंच येतात. हवेचं सस्पेन्शन असेल तर त्याचे रबरी फुगे या वयात चिरायला लागतात. रनफ्लॅट टायर असतील तर गाडीत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चरनंतर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं आणि त्या मापाचा टायर खानापुरात मिळणार नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला ते चालतं का, हे टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये बघावं लागतं.

तरीही मन तिच्यावरच असेल तर विकणाऱ्याला सांगून सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा आणि किलोमीटर त्या नोंदीशी ताडून बघा. मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी पुरात बुडाली असेल तर आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, धुवून सहसा जात नाही. पुढच्या सीटखाली हात घालून लोखंडी पट्टीवरचा गंजही चाचपा. यातलं काहीही सापडलं तर किमतीची घासाघीस न करता परत या.