ओव्हन नाही आणि दिवाळीच्या पाडव्याला पार्टी आहे. गोडाचा बोर्ड कसा मांडू?

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ आधी घेते. पाडव्याला २०-२५ माणसं येणार, घरात ओव्हन नाही, गॅस जेवणातच अडकलेला असणार, हे तुम्ही सरळ लिहिलंत. आणि मग हळूच विचारलंत, की बोर्डावर, म्हणजे एकाच पाटावर सजवून मांडलेल्या गोडात, निम्मे पदार्थ विकतचे आणून मांडले तर लोक नावं ठेवतील का. ठेवतील. घरातलंच कुणीतरी ठेवेल. तरी मांडा, आणि ताठ मानेनं मांडा.

मी अंबाजोगाईची. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भाद्रपदात महालक्ष्म्यांची आरास करतात, ती बघायला गल्लीतल्या बायका येतात. धान्याच्या राशी, पायऱ्यांवर फळं, फराळाची ताटं, वर टांगलेला फुलोरा. त्यातले लाडू कधी घरचे असतात, कधी शेजारच्या काकूंकडून करून घेतलेले. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या तर आता कितीतरी घरांत ऑर्डर देऊनच येतात. पण महालक्ष्म्यांपुढं उभं राहून "यात तुम्ही केलं काय?" असं विचारताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. मग तशीच मांडणी सुनेनं दिवाळीत गोडाची केली, की तिची किंमत शून्य कशी होते? हे माझ्या मनात बरीच वर्षं साचलंय.

झालं असं. धाकट्या जाऊबाईंच्या लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावयाकडची मंडळी लातूरहून येणार होती. जेवायला पुरणपोळी, येळवणीची आमटी, भरलं वांगं, भजी. दोन्ही शेगड्या सकाळपासून चालू. संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणी आणि जावयाचे मित्र येणार होते, त्यांच्यासाठी तिला फोनवर पाहिलेला तसला बोर्ड हवा होता. जाऊबाई पोळ्या लाटायल्या होत्या, त्यांना मान वर करायलाही सवड नव्हती. तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं.

आदल्या रात्री ३ लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का टांगला. सकाळी तो पुरणयंत्रातून काढून त्यात निम्मी पिठीसाखर, वेलची आणि केशर घातलं. साखर मुद्दाम कमी, कारण साखर वाढली की श्रीखंड सैल पडतं आणि वाटीत उभं राहत नाही. रात्रीच २ लिटर दूध आटवून निम्मं केलं आणि गार करून ठेवलं. सीताफळं बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांमधून बायका टोपल्या घेऊन येतात त्यांच्याकडची. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला त्याची चव त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पिकलेली निवडून घेतली आणि गर काढायला बसले. ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांनी एकदा करून बघावं. एकेक बी बोटानं सोडवावी लागते, मिक्सर चालत नाही. सीताफळाची बी फुटता कामा नये, आतला भाग विषारी असतो. चाळणीवर हलक्या हातानं घोळवायचं, एवढाच मार्ग. आणि गर मिसळायचा तो गार दुधातच. गरम दुधात घातला, की सगळी रबडी कडवट होते. न भाजता, न शिजवता करायच्या गोडात सीताफळासारखं दुसरं फळ नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाकी कुंथलगिरीचे पेढे आणले. भूम तालुक्यातल्या खव्याचा तो खरपूस भाजलेला तपकिरी पेढा बोर्डावर रंगालाही उठून दिसतो आणि बाहेर टिकतोही. खजुराचे रोल आणि खोबऱ्याचे लाडू घरी केले होते. जालन्याच्या मोसंबीच्या फोडी, पांढरं साल काढून, कापडावर कोरड्या केलेल्या. खारे शेंगदाणे, भाजके काजू.

मग मांडणी. सागवानी पाट धुऊन कोरडा केला, त्यावर केळीचं पान. आत्याबाई ओट्याजवळ बसून बघत होत्या आणि सांगत होत्या. उंच ते मागं, बसकं ते पुढं. एका रंगाशेजारी तोच रंग नको. वाट्या आधी ठेव, त्यांच्याभोवती बाकीचं जमव. फट राहिली तर सुकामेवा भर, पण माणसाचा हात जाईल एवढी जागा सगळीकडून सोड. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, महालक्ष्म्या मांडता मांडता आलेलं आहे.

तेवढ्यात थोरल्या नणंदबाई आल्या, आक्का. त्या संभाजीनगरला असतात, त्यांच्याकडे ओव्हन आहे, केकच्या ऑर्डरी घेतात, हात चांगला आहे त्यांचा. बोर्डाकडं बघून विहीणबाईंसमोर म्हणाल्या, "यात केलंस काय गं? पेढे विकतचे, काजू विकतचे. नुसतं मांडायलीस की." मी काही बोलले नाही. पाहुण्यांसमोर काय बोलणार?

दुपारी लाइट गेली ती दिवेलागणीला आली. दिवाळीच्या दिवसांतही आमच्याकडं दुपारचा उकाडा काही कमी नसतो. बाजारातून बर्फाची लादी आणली, फोडून परातीत भरली, त्यात श्रीखंडाच्या आणि रबडीच्या वाट्या गळ्यापर्यंत बसवल्या, वरून ओलं मलमल. कोरडे पदार्थ पाटावर तसेच. संध्याकाळी सगळं जसंच्या तसं पुढं आलं. आक्कांनी आणलेल्या केकवरचं क्रीम मात्र बसलं. त्यात त्यांचा दोष नव्हता, उकाड्यात क्रीम बसतंच. पण माझं म्हणणं हेच आहे, की कुठला पदार्थ आपल्या हवेत टिकेल, कुठला शेवटच्या घटकेला बाहेर काढायचा, कशाशेजारी काय ठेवलं तर मऊ पडेल, हे ठरवणं म्हणजेच करणं. विहीणबाईंनी सीताफळाची रबडी दोनदा घेतली आणि कृती लिहून नेली. तरी दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटोखाली आक्कांनी लिहिलं, "रेडीमेड ताट". ते मला अजून लागतं.

आता तुमचं. जेवणानंतर बोर्ड असेल तर माणशी ४-५ छोटे घास पुरतात, जास्त केलं तर उरतं. माझ्या मते ३ ओले आणि ४ कोरडे पदार्थ बस झाले. १२-१५ प्रकार मांडणाऱ्यांचं मला पटत नाही, कशालाच धड चव राहत नाही. २५ जणांना १ किलो चक्क्याचं श्रीखंड छोट्या वाट्यांतून पुरतं, आणि २ लिटर दूध आटवून त्यात अर्धा किलोच्या वर सीताफळाचा गर घातला की तेवढ्याच वाट्या रबडी होते. तिसरा ओला पदार्थ फळांचा ठेवा.

खजूर रोलला ५०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, २०० ग्रॅम भरड सुकामेवा, २ चमचे तूप. गॅस ५ मिनिटं मिळाला तरी होतो, खजूर मऊ झाला की मळायचा, वळकटी करून खसखशीत घोळवायची, गार झाल्यावर कापायची. हे ४ दिवस आधी करून ठेवा. खोबऱ्याच्या लाडवांना गॅसही नको, २०० ग्रॅम बारीक सुकं खोबरं आणि साधारण तेवढंच कंडेन्स्ड मिल्क, पण ते हळूहळू घाला, गोळा वळला की थांबा. मुलांसाठी मारी बिस्किटांचा कोको घातलेला रोल करा, तो मात्र लोण्यावर उभा असतो, म्हणून फ्रिजमधून सगळ्यात शेवटी काढा.

चॉकलेटच्या मागे लागू नका. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि माणसांनी भरलेली आपली बैठकीची खोली किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. क्रीमचंही तेच. दुकानात सहज मिळतं ते २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुलत नाही, त्याला ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट लागतं. त्यापेक्षा चक्का घ्या. परदेशी पद्धतीच्या बिनभाजल्या चीजकेकचं काम चक्का उत्तम करतो, खाली बिस्किटांचा चुरा आणि लोणी दाबून बसवलं की झालं. जेली घालायची तर चायना ग्रासची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या आगरची. जिलेटिन उकाड्यात पाघळतं आणि ते जनावरांपासून करतात, घरात माळकरी माणसं असतील तर त्यांना न सांगता खाऊ घालू नका. चायना ग्रास खोलीतल्या उष्णतेतही घट्ट राहतो.

परातीत मांडायचं असेल तर पितळी परातीला कल्हई आहे का ते बघा, नाहीतर श्रीखंड आणि मोसंबी कळकतील. पॉलिश केलेल्या पाटावरही अन्न थेट ठेवू नका, पान किंवा बटर पेपर हवाच. बाजारातली झेंडू-शेवंती खाण्यावर अजिबात नको, त्यावर फवारणी असते. शोभेला डाळिंबाचे दाणे, पिस्त्याचे काप पुष्कळ झाले.

काही गोष्टी राहिल्या. दुधाचे ओले पदार्थ बर्फाशिवाय २ तासांच्या वर बाहेर ठेवू नका, उकाडा फार असेल तर तासाभरातच आत न्या. शेंगदाणे-काजू कुणाला सोसत नसतील तर ते वेगळ्या वाटीत ठेवा, चमचाही वेगळा. मध वापरलात तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातलं काही देऊ नका. साखरेचा आजार असलेल्या माणसांना खजूर रोल "बिनसाखरेचा" म्हणून आग्रह करू नका, खजुरात साखरच असते. आणि खवा ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, दिवाळीत भेसळ फार होते. तुमच्याकडं सीताफळ मिळत नसेल तर माझं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही, तिथं पिकलेला पेरू किंवा चिकू बघा, पण रबडीची ती चव येणार नाही.

नावं ठेवणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना उत्तर देत बसू नका, कामाला लावा. यंदा मी आक्कांना पाडव्याच्या आदल्या दिवशीच बोलावलंय. सीताफळाचा गर त्या काढणार आहेत, तसं त्यांना फोनवर सांगून झालंय, आणि त्या हो म्हणाल्यात. मांडणार मी.