जस्तावर संशोधन करायचंय, पण रसायनशास्त्र कच्चं आहे

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राणी अन्नातलं जस्त कसं साठवतात आणि त्यावर कोणती जनुकं ताबा ठेवतात, यावर पुढे काम करायची इच्छा आहे. रसायनशास्त्र कच्चं आहे. जनुकशास्त्र घेऊ की पोषणशास्त्र? विषय फार अरुंद तर नाही ना?

उत्तर : जनुकशास्त्र घे. पण रसायनशास्त्र कच्चं ठेवून इथे निभाव लागणार नाही. या विषयातल्या बऱ्याच चुका जनुक ओळखण्यात होत नाहीत, धातू मोजण्यात होतात.

सस्तन प्राण्यांत आतड्याच्या पेशीच्या अन्नाकडच्या तोंडावर झिप-४ हे प्रथिन जस्त आत घेतं आणि रक्ताच्या बाजूला झेडएनटी-१ हे प्रथिन ते बाहेर सोडतं. पेशीत जस्त वाढलं की एमटीएफ-१ हे प्रथिन ते ओळखतं, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं आणि मेटॅलोथायोनिन (धातू धरून ठेवणारं प्रथिन) व झेडएनटी-१ यांची जनुकं चालू करतं. मेटॅलोथायोनिनचा एक रेणू जस्ताचे ७ अणू धरून ठेवतो. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत एचआयझेडआर-१ हे प्रथिन स्वतःच जस्ताला चिकटतं आणि सीडीएफ-२चं जनुक चालू करतं. सीडीएफ-२ जादा जस्त आतड्याच्या पेशींतल्या लायसोसोमसारख्या (पिशवीवजा) कणांत भरतं. टंचाई आली की झिपटी-२.३ हे प्रथिन ते परत काढतं. साठा आणि त्याची किल्ली एकाच पेशीत डोळ्यांनी दिसते, म्हणून सुरुवातीला हाच प्राणी बरा.

आता प्रयोगातले खड्डे. या कृमीच्या नेहमीच्या माध्यमात फॉस्फेट असतं. त्यात जस्त मिसळलं तर बरंचसं साक्याच्या रूपात खाली बसतं. तू २०० मायक्रोमोलर घातलंस तरी कृमीला तेवढं मिळत नाही. त्यासाठी फॉस्फेट नसलेलं नोबल आगार माध्यम वापरतात. रबरात झिंक ऑक्साइड असतं, म्हणून रबरी बुचं टाळायची. भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून आयनमुक्त पाण्याने खळबळायची. टंचाई घडवण्यासाठी टीपीईएन हे धातू पकडणारं रसायन वापरतात, पण ते लोह आणि तांबंही पकडतं. त्यामुळे साधी, जस्ताची आणि टीपीईएनची अशा तीन प्लेटांसोबत ‘टीपीईएन अधिक जस्त’ अशी चौथी प्लेट हवीच. जस्त परत दिल्यावर परिणाम पुसला गेला, तरच तो जस्ताचा म्हणता येतो. ही प्लेट वगळलेले निकाल मला तरी पटत नाहीत.

फ्लुओझिन-३ हा रंग फक्त सैल जस्त दाखवतो, प्रथिनांत घट्ट बसलेलं दाखवत नाही. एकूण जस्त आयसीपी-एमएसने (नमुन्यातले धातू मोजणाऱ्या यंत्राने) मोजावं लागतं, आणि तेही कृमी अनेकदा धुऊन, आतड्यातले जिवाणू बाहेर पडू देऊन. नाहीतर जिवाणूंचं जस्त कृमीच्या खात्यात जमा होतं. शिवाय आतड्यातले हे कण मुळातच थोडे चमकतात. म्हणून हे कणच नीट न बनणारा जीएलओ-१ उत्परिवर्ती सोबत ठेव. फ्लुओझिन-३ हिरवा असल्यामुळे जनुकाला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाऐवजी एमचेरी हे लाल चमकणारं जोड.

विषय अरुंद आहे का? झिप-४चं जनुक बिघडलं तर बाळाच्या आतड्यातून जस्त पुरेसं शोषलं जात नाही आणि उपचार आयुष्यभर चालतो. आईच्या झेडएनटी-२मध्ये बिघाड असेल, तर तिच्या दुधातच जस्त कमी पडतं. बाळाला वरून जस्त दिलं की भागतं आणि अंगावरचं दूध सुटल्यावर गरज संपते. जस्ताच्या कमतरतेने त्वचेवर येणारे चट्टे दोन्हीकडे सारखेच दिसतात. उपचार किती काळ चालवायचा, हे जनुकाच्या तपासणीवरून ठरतं. वैद्यकीय जनुक प्रयोगशाळांना असा फरक वाचता येणारी माणसं लागतात. पशुखाद्य क्षेत्रालाही लागतात, कारण धान्यातलं फायटेट जस्त बांधून ठेवतं आणि नुसतं प्रमाण वाढवलं तर तांब्याचं शोषण घटतं. याच कुटुंबातलं झेडएनटी-८ हे प्रथिन मधुमेहाच्या संशोधनात आहे.

पोषणशास्त्राचा एखादा विषय नंतर जोडता येईल. एमएस्सीची जागा निवडताना प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचार : आयसीपी-एमएस हाताशी आहे का, आणि विद्यार्थ्याला ते स्वतः चालवू देतात का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरी जागा बघ. तोपर्यंत या सुट्टीत विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातला प्रमाण वक्र (ज्ञात नमुन्यांवरून काढलेला आलेख), ब्लँक (नमुन्याविना मोजणी) आणि शोधमर्यादा (ओळखता येणारं किमान प्रमाण) एवढा भाग हाताने गणितं सोडवत पक्का कर.