दारं धरणाऱ्या मुलीस

प्रिय डॉक्टरीणबाई,

पत्र पोचलं. इंटर्नशिप संपली की स्वादुपिंडावर संशोधन करायचं म्हणतेस, तेही आयन चॅनेलवर. एमडीची सीट सोडून हे काय, असं घरचे विचारत असतील. त्या भांडणात मी पडत नाही.

मिरजेच्या वॉर्डातला तो पेशंट, गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकून बसलेला, आडवं झालं की कळ वाढायची. त्याच्यावर तू दोन पानं लिहिलीस आणि चॅनेलवर चार ओळी. हे प्रमाण मला पटलं.

वडिलांबरोबर रात्रीच्या लाइटीला उसाला दारं धरायचीस, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग चॅनेल तुला वेगळे काय शिकवायचे? पेशीच्या पापुद्र्यातली, क्षारांचे विद्युतभारित कण (आयन) आत-बाहेर सोडणारी दारंच ती. पाणी सरीत वेळेवर गेलं आणि वेळेवर तोडलं तर ऊस वाढतो. दार तसंच उघडं राहिलं तर काय होतं, ते कृष्णाकाठची क्षारपड रानं बघितलेल्याला सांगावं लागत नाही. स्वादुपिंडाच्या रस तयार करणाऱ्या पेशीत कॅल्शियम थोडा वेळ आत येतं, रस सुटतो, कॅल्शियम बाहेर काढलं जातं. रोजचा धंदा. पण ते येतच राहिलं, तर पेशीची ऊर्जा संपत जाते, ट्रिप्सिन हा प्रथिनं पचवणारा रस आतड्यात पोचायच्या आधी तिथेच जागा होतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. म्हणून दार किती उघडलं यापेक्षा किती वेळ उघडं राहिलं, ते आधी मोजायला शीक.

शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाला नुसता हात लागला तरी सूज येऊ शकते, हे सर्जन फार पूर्वीपासून जाणतात. त्यामागे दाबाने उघडणारं पिएझो१ हे दार असावं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. ही दारं २०१० साली सापडली आणि ती शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. रस वाहून नेणाऱ्या नळ्यांमधलं सीएफटीआर हे दार मात्र उलट्या स्वभावाचं. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. ते बिघडून उघडलं नाही की बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, वाहत नाही, रस घट्ट होतो, नळ्या तुंबतात. दारू या दारालाही निकामी करते. म्हणजे एक दार मिटवायचं आणि दुसरं उघडायचं, तेही एकाच ग्रंथीत. तेव्हा ‘चॅनेलवर औषध शोधणार’ असं प्रस्तावात मोघम लिहू नकोस. कुठलं दार ते लिही.

प्राणी निवडताना डोकं जाग्यावर ठेव. माणसाच्या स्वादुरसात बायकार्बोनेट लिटरला सुमारे १४० मिलिमोलपर्यंत चढतं. उंदीर त्याच्या जवळपासही जात नाही. गिनी पिग जातो. उंदीर स्वस्त पडतो, एवढंच. त्याच्या नळीवरून मिरजेच्या पेशंटबद्दल बोलायचं असेल तर जपून.

पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेची बारीक नळी पेशीला चिकटवून दारातला विद्युतप्रवाह मोजणं, स्वतःच्या हाताने कर. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूतल्या एकेका दाराचा प्रवाह मोजला, एका अँपिअरचे लाख कोटी भाग करावेत इतक्या बारीक मापात. एवढं बारीक मोजताना खोलीतलं सगळंच मध्ये बोलतं. तीन आठवडे मी एक सुरेख, नियमित लाट वहीत उतरवत होतो. दार सापडलं म्हणून खिशातल्या पैशाने पेढेही वाटले. लाट सेकंदाला ५० ची होती, घरातल्या विजेची असते तीच. ट्यूबलाइट बंद केली आणि शोध संपला. पेढे खाल्लेले अजून आठवण काढतात.

आणखी एक. केरळात तरुणांना होणाऱ्या, खडे धरणाऱ्या स्वादुपिंडाच्या आजाराचं खापर बरीच वर्षं टॅपिओकावर फुटत होतं. (आपला उपवासाचा साबुदाणा त्याच कंदाचा, पण खिचडी सोडू नकोस.) पुढे अशा कितीतरी भारतीय रुग्णांत ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या स्पिंक१ जनुकातला बदल सापडला आणि कंदावरचा आळ ढिला पडला. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटला ‘दारू पितो, झालं’ असं लिहून फाइल मिटवतात ना? पिणारे पुष्कळ असतात, स्वादुपिंड त्यातल्या थोड्यांचंच बिघडतं. त्याच्या घरात आणखी कुणाचं पोट असं दुखतं, विचारलंस का?

रविवारी ये. माझा पॅच क्लॅम्पचा जुना अॅम्प्लिफायर माळ्यावर आहे. गुडघ्यांमुळे मला चढवत नाही. खाली काढून पुसून ठेवू. चालू होतो का ते तुझ्यासमोरच बघायचंय.

तुझे सर