युरो एकच, तिजोऱ्या वेगळ्या

प्रश्न: ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा स्वतःच्या नोटा छापून मोकळा का नाही झाला? – एक वाचक, सातारा

उत्तर: अहो छापणार कुठून, २००१ मध्येच ड्राख्मा हे आपलं जुनं चलन सोडून युरो घेतला ना, म्हणजे व्याजदर ठरवणार फ्रँकफर्टची युरोपियन सेंट्रल बँक, म्हणजे सगळ्या युरो देशांची मिळून एकच बँक, आणि पेन्शनचा खर्च मात्र अथेन्सच्या गळ्यात. २०१० ला बाकीच्या युरो देशांकडून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ११० अब्ज युरोच्या कर्जाचं पॅकेज मिळालं पण अट काय, तर पगार-पेन्शन कापा, मग लोकांच्या खिशात पैसाच नाही तर धंदा चालणार कसा? जुलै २०१५ मध्ये तर बँकाच बंद, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो! या अटींचा आग्रह धरणाऱ्या जर्मनीने जरा जास्तच ताणलं असं माझं मत. कोविडमध्ये मात्र, २०२० ला, युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांच्या नावावर एकत्र कर्ज काढून ७५० अब्ज युरोंचा फंड करायचं ठरलं, त्यातून इटली-स्पेनला मिळणारा वाटा मोठा.