पहिल्या स्पर्धेसाठी २००० पॉइंटची आर्मी लिस्ट: जिंकलेली लिस्ट उचलावी का?

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर मिनिएचर (छोट्या प्रतिकृती) मांडून खेळायच्या युद्धखेळाच्या पहिल्या स्पर्धेला जाताना जिंकलेली एखादी लिस्ट, म्हणजे सैन्यातल्या युनिटची (तुकड्यांची) यादी, जशीच्या तशी घ्यावी, की जास्तीत जास्त मारा करणारी युनिट गोळा करावीत, असं तुम्ही विचारलंय. मी यातलं काहीच करणार नाही. मी आधी गुण कुठून येतात ते बघतो आणि त्यावरून युनिट निवडतो.

दहाव्या आवृत्तीत १०० पैकी ५० गुण प्रायमरीचे, म्हणजे मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह (टेबलावरच्या ठरलेल्या मोक्याच्या जागा) ताब्यात ठेवण्याचे. ४० सेकंडरीचे, म्हणजे दुय्यम उद्दिष्टांचे, आणि १० सैन्य रंगवलेलं असण्याचे. नुसत्या संहाराने यातलं फार थोडं हाती लागतं, शिवाय तो वाटतो त्यापेक्षा बराच महाग पडतो. लँड रेडर या जड रणगाड्याचं उदाहरण घ्या: टफनेस (कणखरपणा) १२, मूळ सेव्ह २+ (फाशावर २ किंवा जास्त पडल्यास वार अडतो), १६ वूंड (इतकं नुकसान झालं की तो संपतो). त्यावर चार लासकॅनन (रणगाडाविरोधी तोफा) डागल्या, ३+ ला हिट (फाशावर ३ किंवा जास्त पडल्यास नेम लागतो) धरलं आणि त्याला कव्हर (आडोसा) नसलं, तरी सरासरी चारच वूंड जातात. एका टर्नमध्ये तो पाडायचा तर सोळा लासकॅनन लागतील. तेवढ्या घेतल्यावर लिस्टमध्ये दुसरं काय उरणार?

आता हाच लँड रेडर मधल्या ऑब्जेक्टिव्हवर उभा आहे. त्याचा ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल ५; तिथे ज्याची याची बेरीज जास्त, ऑब्जेक्टिव्ह त्याचा. माझे पाच इंटरसेसर (पायदळाचे सैनिक) तिथे पोचले की त्यांचा होतो १०, प्रत्येकी २ प्रमाणे. ऑब्जेक्टिव्ह माझा, आणि रणगाड्याला ओरखडाही नाही. प्रायमरीचे गुण बहुतेक मिशनमध्ये ज्याच्या त्याच्या कमांड फेजच्या (टर्नच्या पहिल्या टप्प्याच्या) शेवटी मोजतात, आणि प्रतिस्पर्ध्याची कमांड फेज त्याच्या शूटिंगच्या आधी येते. त्यामुळे नंतर त्याने ते पाचही जण मारले, तरी त्या ऑब्जेक्टिव्हचे त्याचे गुण गेलेले असतात. हे मला या खेळातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं. माझ्या टर्नला मलाही गुण हवे असतील तर मात्र ते पाच जगायला हवेत. म्हणून अशी स्वस्त युनिट मी तीन-चार तरी घेतो आणि गरज पडेपर्यंत टेरेनमागे लपवून ठेवतो. रणगाडाविरोधी मारा हवाच, पण एखाद-दुसरं मोठं वाहन निकामी करण्यापुरता.

जिंकलेली लिस्ट अभ्यासायला जरूर घ्या. पण ती टीम स्पर्धेतली आहे का, ते आधी तपासा. तिथे कोण कोणाशी खेळणार हे बऱ्याच अंशी संघ ठरवतात, म्हणून एकाच प्रकारच्या सैन्यावर तुटून पडणारी एकांगी लिस्ट चालून जाते. एकेरी स्पर्धेत समोर काहीही येऊ शकतं. शिवाय युनिटचे पॉइंट, म्हणजे लिस्टमध्ये घेण्याची त्यांची किंमत, अधूनमधून बदलतात, त्यामुळे जुनी लिस्ट आज २००० मध्ये बसेलच असं नाही.

आणि घड्याळ: स्पर्धेत सामन्याला ठरलेलाच वेळ असतो. शंभरावर मिनिएचर हलवायच्या असतील तर आधी घरी वेळ लावून पूर्ण पाच राउंड खेळून बघा. चौथ्या-पाचव्या राउंडपर्यंत पोचतच नसाल, तर मिनिएचर कमी करा.