एमएस्सी झूलॉजी की बायोटेक? आधी लॅब बघून या

टीवायचे निकाल जवळ आले की बायॉलॉजीवाल्यांची पत्रं वाढतात, या वेळीही तसंच झालंय. त्यातली चार निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच मिळतील.

प्रश्न : ताई नमस्कार, मी टीवाय बीएस्सी झूलॉजीला आहे, गावातून रोज एसटीनं अप-डाऊन करते. घरचे म्हणतात बीएड कर आणि नोकरीला लाग. मैत्रिणी म्हणतात झूलॉजीत आता काही राहिलं नाही, बायोटेक घे. मला जेनेटिक्स मनापासून आवडतं. पुण्याला युनिव्हर्सिटीत जायचंय, पण कशात एमएस्सी करू आणि कुठल्या परीक्षा देऊ काहीच कळत नाही. (एक विद्यार्थिनी, कराड तालुका)

उत्तर : अगं, जेनेटिक्स आवडतं हे तुला स्वतःला माहितीये, अर्धं काम तिथंच झालं. बहुतेक पत्रांत एवढंच असतं की ‘स्कोप कशात आहे’.

झूलॉजीत काही राहिलं नाही असं ज्या मैत्रिणी म्हणतात त्यांच्या डोळ्यासमोर बरणीतला बेडूक आणि रंगीत पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या असतात. आज झूलॉजीच्या चांगल्या डिपार्टमेंटमध्ये जा, तिथंही डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन आहे, डीएनएचे तुकडे वेगळे करणारी जेल चालतायत, सिक्वेन्सिंगचा डेटा कॉम्प्युटरवर बघत पोरं बसलीयेत. आणि बायोटेक नाव असलेली अशीही कॉलेजं आहेत जिथं दोन वर्षांत पोरांच्या हाती पिपेट मोजून चार वेळा येतं. म्हणून डिग्रीवर काय छापून येणार ते जरा बाजूला ठेव आणि तिथं रोज काय करायला मिळणार ते बघ. हे मी इतकं कळकळीनं सांगतेय कारण मी स्वतः एमएस्सीला फक्त नाव बघून अॅडमिशन घेतली होती, चौथ्या सेमिस्टरचं डिझर्टेशन म्हणजे दहा पेपर वाचून त्याचा गोषवारा लिहायचा एवढंच निघालं, लॅबला बहुतेक वेळ कुलूप. नंतर पीएचडीच्या इंटरव्ह्यूत विचारलं की तुम्ही स्वतः कुठला प्रयोग केलाय, तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. ती वेळ तुझ्यावर यायला नको.

रोजचं काम म्हणजे काय ते एक उदाहरण देऊन सांगते, तुझ्याच आवडीचं. जेनेटिक्सच्या कितीतरी लॅबमध्ये फळमाशी पाळतात, ड्रोसोफिला. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगर शिजवून तिचं खाणं करतात, त्या खोलीत शिरलं की आंबूस गोडसर वास येतो, पहिल्या आठवड्यात नको वाटतो आणि मग जाणवतही नाही. पंचवीस डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवून नर-मादीची जोडी जमवायची, तर व्हर्जिन माद्या लागतात, आणि कोशातून बाहेर आल्यावर मादी साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, म्हणजे तेवढ्या वेळात त्या वेगळ्या काढायच्या. सकाळी लवकर यायचं, संध्याकाळी परत यायचं, रविवार असो नाहीतर दिवाळी. कार्बन डायऑक्साइडनं माश्या झोपवायच्या, मायक्रोस्कोपखाली ब्रशनं एकेक सरकवायची, नराच्या पुढच्या पायावर छोटासा काळा कंगवा असतो तो बघून नर इकडे मादी तिकडे. तास दोन तास मान खाली. हे वाचून तुला वाटलं की मला करायचंय, तर तू बरोबर वाटेवर आहेस. आणि वाचूनच कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं, मग बायोइन्फर्मेटिक्सकडे बघ, तिथं जेनेटिक्सच आहे पण काम कॉम्प्युटरवर.

आता पुण्याचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झूलॉजी, बॉटनी, मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी अशी वेगवेगळी डिपार्टमेंट आहेत. बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सिटीची स्वतःची एन्ट्रन्स असते, तिचा फॉर्म सुटू देऊ नकोस. पण पुण्याचा खरा फायदा असा की कॅम्पसमध्येच एनसीसीएस आहे जिथं पेशी, इम्युनिटी, कॅन्सर यावर काम चालतं, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, लॉ कॉलेज रोडला आघारकर संशोधन संस्था. एमएस्सीचं डिझर्टेशन यातल्या एखाद्या ठिकाणी करायला मिळतं का, हे अॅडमिशनच्या आधी सीनियर्सना विचार. सरांना नको, सीनियर्सना. आणि थेट विचार की मागच्या बॅचच्या किती जणांनी स्वतःच्या हातानं प्रयोग केला.

परीक्षांचं म्हणशील तर एकच परीक्षा देऊन बसू नकोस. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम, तिचे फॉर्म सप्टेंबरच्या आसपासच सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, आपल्याकडची पोरं जागी होतात तोवर ती होऊन गेलेली असते. म्हणजे या वर्षीची तुझी गेलीच, पण पुढच्या वर्षी द्यायची असेल तर आत्ताच लिहून ठेव. जेएनयू, बीएचयू, हैदराबादसारख्या सेंट्रल युनिव्हर्सिट्यांना सीयूईटी पीजी. आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याचा म्हणजे डीबीटीचा पाठिंबा असलेल्या एमएस्सीसाठी गॅट-बी. तुझ्यासारख्या झूलॉजीवाल्यांनाही ती देता येते आणि नंबर लागला तर शिक्षण चालू असताना महिन्याला स्टायपेंड मिळतो. तिच्या पहिल्या भागात बारावीच्या लेव्हलचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी असतं, बारावीनंतर मॅथ्सशी संबंध तुटलाय म्हणणारे तिथंच अडकतात, तेव्हा जुनी पुस्तकं माळ्यावरून काढच. कुठल्या कोर्सला कुठली परीक्षा हे दरवर्षी थोडंफार बदलतं, म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच.

बीएडचं घरच्यांना एवढंच सांग की ते एमएस्सीनंतरही करता येतं आणि ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एमएस्सी लागतेच. खोटं काही नाही त्यात, त्यांनाही पटेल.

प्रश्न : माझ्या मुलीनं नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पीएचडी करायचं म्हणते. आमची कोरडवाहू शेती. अजून सात-आठ वर्षं तिला पैसे पुरवणं माझ्याच्यानं होणार नाही. तिला काय सांगू? (एक वडील, लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, आधी एक विनंती. नीट हुकली म्हणून पोरगी इकडे आली असं घरात कुणी बोलत असेल तर ते थांबवा. दोनदा नंबर हुकूनही जी पोर स्वतः पीएचडीचं नाव काढते ती मनानं खंबीर आहे.

पैशाचं आता. तुम्ही समजताय तसं सात-आठ वर्षं पुरवावं लागत नाही. अवघड असतात ती एमएस्सीची दोन वर्षं. पीएचडीला नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये फेलोशिप आहे, हे दर जानेवारी २०२३ पासून लागू झालेत, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. म्हणजे तेव्हा ती कमावती असते. फक्त हे पैसे कधी कधी तीन-चार महिने अडकतात आणि मग एकदम येतात, तेवढी तयारी ठेवायची.

सीएसआयआरची नेट सोपी नाही हेही सांगते. लाइफ सायन्सेसच्या पेपरात १४५ प्रश्न येतात, त्यातले जास्तीत जास्त ७५ सोडवायचे, एकूण २०० मार्क, आणि चुकलं की पाव भाग मार्क कापतात. शेवटचा भाग पाठांतरावर निघत नाही, प्रयोगाचा निकाल दाखवून विचारतात की यावरून काय म्हणता येईल. तिनं दुसऱ्या वर्षापासूनच रोज थोडे जुने पेपर सोडवले तर एमएस्सी संपेपर्यंत हात बसतो.

एक वाट अशी आहे की एमएस्सीची दोन वर्षंही घरून पैसे लागत नाहीत, ती म्हणजे इंटिग्रेटेड पीएचडी. बीएस्सीनंतर थेट जायचं, एमएस्सी मध्येच होऊन जाते. मुंबईला कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि तिचंच बेंगळुरूचं जीवशास्त्राचं केंद्र एनसीबीएस इथं पहिल्या वर्षापासून फेलोशिप असते. पुण्याच्या आयसरमध्येही बायॉलॉजीचा इंटिग्रेटेड पीएचडी आहे. जागा फार थोड्या, पण फॉर्म भरायला काय जातंय, लातूरच्या पोरांनी परीक्षांना घाबरायचं काही कारण नाही.

शिवाय आपल्या राज्याच्या संस्था पीएचडीला फेलोशिप देतात, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती. तुम्ही ज्यात बसत असाल त्याची कागदपत्रं, जातीची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, हे आत्ताच करून ठेवा. पोरांचे अर्ज तहसीलच्या एका कागदापायी राहिलेले मी पाहिलेत, हुशारी कमी पडली म्हणून नाही.

आणि पीएचडी नाहीच झाली तरी मायक्रोबायॉलॉजीच्या एमएस्सीला औषध कंपन्यांत, फूड कंपन्यांत, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, ते तुम्हाला आत्ताच माहिती असलेलं बरं.

प्रश्न : नवीन शिक्षण धोरणात चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स केली तर एमएस्सी न करता थेट पीएचडी होते हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो, खरंय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के किंवा तेवढी ग्रेड असेल तर पीएचडीला अर्ज करता येतो. नाहीतर चार वर्षांनंतर एक वर्षाची एमएस्सी. माझं मत विचाराल तर चौथ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट खरोखर नीट झाला असेल तरच थेट जा, नाहीतर एमएस्सीचं ते वर्ष फुकट जात नाही. आणि कुणी अजून एमफिलचं सुचवत असेल तर ती त्याच नियमांनी बंद झालीये.

प्रश्न : मला बेडूक, सरडे, साप यांच्यावर काम करायचंय. आमच्याकडे सगळे हसतात. लॅबमध्ये कोंडून घ्यायचं नाहीये, रानात काम करायचंय. अशी एमएस्सी असते का? (एक विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : अरे तू राहतोस कुठं ते बघ ना! तुझ्या डोक्यावर आंबोली आहे. २००९ साली जगापुढे नव्यानं मांडलेल्या झँथोफ्रिनी या वंशातला आंबोलीचा टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, आंबोलीच्या परिसरातला आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा तर २०२० साली नव्यानं नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हसणाऱ्यांना हे सांग.

डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरूचं एनसीबीएस, दोन्हीकडे वन्यजीवांची एमएस्सी आहे आणि दोन्हीकडे दर दोन वर्षांनी बॅच घेतात, म्हणून तुझी बीएस्सी संपते त्या वर्षी कुठली बॅच निघणार ते आत्ताच बघून ठेव. पुण्यात आबासाहेब गरवारे कॉलेजात बायोडायव्हर्सिटीची एमएस्सी आहे. मुंबईची बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासूनची, तिथं मुंबई युनिव्हर्सिटीमार्फत रिसर्च करून डिग्री घेता येते. मात्र लॅबमधून तुझी पूर्ण सुटका नाही. दोन बेडूक दिसायला सारखे आणि जात वेगळी, हे हल्ली बऱ्याचदा डीएनए बघूनच ठरतं, आणि रानातून आणलेले आकडे समजायला स्टॅटिस्टिक्स लागतं. ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत शिकायला घे.

या सगळ्या इंटरव्ह्यूत विचारतात की तू आजवर काय पाहिलंस. म्हणून एक वही कर, पावसाळ्यात लगेच. आंबोलीचा तो टोड पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ पाण्यात जमतो, थोडेच दिवस. सोबत कुणालातरी घेऊन जा, त्याला हात लावायचा नाही, उचलायचा नाही, पाय कुठं ठेवतोस ते टॉर्च मारून बघ. तारीख, वेळ, पाऊस किती, पाणी किती खोल, किती नर ओरडत होते, एवढं तिथंच उभं राहून लिही. घरी येऊन आठवून लिहायचं नाही. पेन्सिलनं लिही, पावसात पेनाची शाई पसरते.