सिडनीत आई-बाबांना आणि मुलांना घेऊन नदीकाठी एक दिवस घालवायचा आहे, कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा एप्रिलमध्ये पुण्याहून येताहेत, आईंचे गुडघे दुखतात, मुलं ६ आणि ९ वर्षांची, आणि ऑपेरा हाउस वगैरे झाल्यावर एक दिवस झाडीत, नदीकाठी बसायचंय, पण फार लांब नको.

लेन कोव्ह नॅशनल पार्कला जा. ब्लू माउंटन्स सुचवणारे पुष्कळ भेटतील. तेही बघाच, पण येण्याजाण्यात तीन-चार तास जातात आणि पायऱ्या आल्या की आई गाडीतच बसून राहतील. लेन कोव्ह शहराच्या मध्यापासून साधारण १० किलोमीटरवर आहे, चॅट्सवुड आणि नॉर्थ राइड या उपनगरांच्या मधल्या दरीत. नॅशनल पार्क म्हटल्यावर ताडोबा डोळ्यासमोर आणू नका. दरीतून वाहणारी नदी, दोन्ही बाजूंना निलगिरीचं रान (इथले लोक त्याला बुश म्हणतात) आणि नदीला धरून जाणारा गाडीरस्ता, एवढंच आहे. पिकनिकच्या जागा त्या रस्त्यालाच लागून आहेत. गाडीतून उतरायचं, वीस पावलं चालायचं आणि बसायचं.

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो ते ऑक्टोबरात. सासूबाई गुहागरच्या. गाडीतून उतरल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सुरू!" खरंच, पाण्याकडेला सुरूच्याच जातीची झाडं आहेत, वारा आला की तसाच आवाज करणारी. ही मंडळी मुळात इथली हे कळल्यावर त्यांना आधी पटेचना. मग आम्ही बंधाऱ्यापाशी गेलो. १९३८ साली पार्क सुरू झालं, हा बंधारा त्याच काळातला. त्याच्या वरच्या अंगाला गोडं, संथ पाणी, खालच्या अंगाला भरती-ओहोटी आणि खारफुटी. मी समजावून सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वर नदी नि खाली खाडी. सरळ सांग की." वरच्या पाण्यात नावा आणि पेडल बोटी भाड्याने मिळतात. मुलांना तेवढं पुरतं. पोहायला मात्र उतरवू नका, पाणी तेवढं स्वच्छ नसतं.

प्राणी शोधायला लागत नाहीत, तेच येतात. काठावरच्या दगडावर ऊन खात बसलेला वॉटर ड्रॅगन नावाचा सरडा शेपटीसकट तीन फुटांपर्यंत भरतो. त्याला बघून सासरे "घोरपड!" म्हणून ओरडले आणि तो धपकन पाण्यात. पण आमच्या घरात अजूनही चर्चा होते ती ब्रश टर्कीची. काळा पक्षी, लाल बोडकं डोकं, गळ्यात पिवळी झालर. नर पायाने पाचोळा मागे उडवत उडवत ढीग घालतो, चांगला तीन-चार मीटर रुंदीचा आणि कंबरेएवढा उंच. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. पाचोळा कुजतो, आत ऊब धरते, त्या उबेवर अंडी उबतात. ढीग फार तापला की नर वरचा थर काढतो, गार पडला की आणखी घालतो. सासूबाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला: "आंब्याची आढी घातलीय मेल्याने." पिल्लू बाहेर आलं की पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर, आई-बाप कोणी विचारत नाहीत. यावर सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. एप्रिलमध्ये नराची ही लगबग बहुतेक संपलेली असेल, ढीग मात्र दिसतील.

हाच पक्षी चोर आहे. आमच्या पुऱ्यांची पिशवी टेबलाखाली होती, ती त्याने ओढत झुडपात नेली. कुकाबुरा हा दुसरा पक्षी तर हातातला घास उचलतो. डबे झाकणाचे घ्या आणि कोणालाही खायला घालू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

खाण्याचं म्हणाल तर तिथले बार्बेक्यू वापरा. बटण दाबलं की तवा तापतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, मग पुन्हा दाबायचं. आधीच्यांनी त्यावर काय भाजलं असेल या विचाराने आमच्याकडचं अर्धं कुटुंब उपाशी राहिलं असतं, म्हणून अॅल्युमिनियम फॉईलचा अख्खा रोल नेला आणि दुहेरी अंथरला. पनीर, कणसं, ढोबळी मिरची झकास झाली. थालीपिठाच्या वाटेला जाऊ नका. तव्याला मधोमध तेल जायला भोक असतं आणि त्या बाजूला उतार, थालीपीठ घसरत तिकडेच जातं. घरून करून न्या आणि गरम करा.

बाकी किरकोळ. गाडीला ८ डॉलर प्रवेश पडला होता. फाटक संध्याकाळी ६ ला बंद होतं, उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे) चालू असताना ७ ला. तुम्ही जाल तेव्हा एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेलेली असतील आणि साडेपाचलाच अंधारायला लागेल, तेव्हा सकाळी दहापर्यंत पोचा. ईस्टरचे चार दिवस टाळा, टेबल मिळायची मारामार होते. आईंसाठी पाठीला टेकता येईल अशी घडीची खुर्ची न्याच, तिथल्या बाकांवर तासाभरात कंबर धरते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. इथल्या झाडीत टिक असतात, म्हणजे आपली गोचीडच. काही जणांना ती चावल्यावर पुढे मटण-बीफची अॅलर्जी होते, ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. मुलांना गवतात लोळू देऊ नका आणि रात्री आंघोळीच्या वेळी कानामागे, केसांत, काखेत बघा. माझ्या लेकीच्या कानामागे सापडली होती. चिमट्याने किंवा नखाने ओढायला जाऊ नका. दाबली गेली की ती विष आत सोडते. फार्मसीत टिक गोठवून मारायचा स्प्रे मिळतो, तो आधीच आणून ठेवा. तो मारायचा आणि ती आपोआप गळून पडू द्यायची. श्वासाला त्रास किंवा अंगावर गांधी उठल्या तर सरळ ००० ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन.

आणि निघताना आईंची पर्स तपासा. नॅशनल पार्कातून काही उचलून न्यायचं नसतं हे सांगितल्यावर सासूबाईंनी सुरूची बोंडं निमूट परत ठेवली होती. त्यातलं एक बोंड आठवड्याभराने देवघरात मिळालं.